सातबाऱ्याबाहेरची आजी

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या, शेतकऱ्याच्याच घरी दिलेल्या आणि साठ-सत्तर वर्षे मातीत राबून गेलेल्या आजीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्या लेखनात बहुधा तिची माया असते, तिच्या हातची भाकरी असते, नऊवारीच्या पदराचा वास असतो, आणि तिच्या आयुष्याचा तपशील मात्र फारसा नसतो. तिचा जन्म कोणत्या साली झाला, तिच्या माहेरी किती जमीन होती, लग्नाआधी तिला कोणत्या नावाने हाक मारत, तिने किती मुले जन्माला घातली आणि त्यांतली किती जगली, हे प्रश्न तिच्या तेराव्याला जमलेल्या नातवंडांना विचारले तर बहुतेकांची उत्तरे अडखळतात. साधारणपणे १९१५ ते १९४५ या काळात जन्मलेल्या, देशावरच्या, खानदेशातल्या आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांत वाढलेल्या स्त्रियांची ही पिढी आता जवळजवळ संपत आली आहे, आणि तिचे स्मरण कसे करावे हा प्रश्न केवळ भावनेचा नसून काही अंशी इतिहासलेखनाच्या पद्धतीचाही आहे.

अडचणीची सुरुवात नावापासूनच होते. एकत्र कुटुंबात नातवंडे आपल्या बापाचे ऐकून आजीलाच ‘आई’ म्हणत आणि जन्मदात्या आईला धाकट्या दिरांचे ऐकून ‘वहिनी’ म्हणत. त्यामुळे आजीचे खरे नाव घरात उच्चारलेच जात नसे. गावात ती अमक्याची आई किंवा तमक्याची म्हातारी असे, भावकीत तिच्या माहेरच्या गावावरून तिची ओळख सांगितली जाई, आणि काही समाजांत लग्नाच्या वेळी तिचे पाळण्यातले नावही बदलले जात असल्याने एकाच बाईची दोन आयुष्ये दोन वेगवेगळ्या नावांनी चालत. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हा दंडक तिने पाळला, मात्र तेच नाव उखाण्यात, म्हणजे सणासमारंभात नाव घेण्यासाठी रचलेल्या यमकबद्ध ओळींत, तिने हौसेने गुंफले. तिचे स्वतःचे नाव गुंफण्याची तशी कोणतीही रीत समाजाने तिच्यासाठी ठेवली नव्हती.

जन्मतारखेचे तर विचारायलाच नको. शाळेत घातलेल्या मुलांची खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत, आणि म्हणून महाराष्ट्रातल्या एका मोठ्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण आजी शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिला ती खोटी तारीखसुद्धा मिळाली नाही, आणि आधारकार्ड काढण्याची वेळ आली तेव्हा अंदाजाच्या वर्षापुढे १ जानेवारी लागली. तिची स्वतःची कालगणना वेगळी होती. कोणी प्लेगात जन्मलेले, कोणी मानमोडीत, म्हणजे १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत, आई गमावलेले, कोणाचे लग्न गांधीहत्येच्या आदल्या वर्षाचे, कोणाचा थोरला कोयनेच्या भूकंपावेळी, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, रांगत असलेला, अशी ती गणना चाले आणि तिच्यात वर्षाच्या आकड्याला स्थान नसे. मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि त्याआधीच्या महिन्यांत देशात अनेक ठिकाणी लहान मुलींची लग्ने घाईघाईने उरकली गेली. एखाद्या आजीने ‘कायदा यायच्या आधी उजवून टाकली’ असे आपल्या आईविषयी सांगितले, तर त्या एका वाक्यातून त्या आईच्या जन्मसालाचा बराच पक्का अंदाज बांधता येतो. अशा घटनांना धरून वय काढण्याची रीत जनगणना आणि आरोग्य-पाहण्या करणारेही वापरतात. घरच्या माणसांना ती सुचत नाही, एवढेच.

कागदपत्रांत ही बाई कुठे सापडते, हे पाहणे उद्बोधक आहे. शेतजमिनीचा मुख्य दाखला म्हणजे सातबारा: गावनमुना ७ मध्ये जमिनीवरच्या हक्कांची आणि गावनमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते, आणि दोन्ही एकाच कागदावर येत असल्याने त्याला हे जोडनाव पडले. वडिलोपार्जित जमीन ज्या कर्त्या पुरुषाच्या नावे असे, त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे लिहिलेली असत. त्यांचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. या मॅनेजरच्या पाठीमागे ज्या बायकांनी खुरपणी, वेचणी, काढणी आणि मळणी केली त्यांचा उल्लेख तिथे नाही. आजीचे नाव महसुली दप्तरात यायचे ते फेरफारात, म्हणजे हक्कातील बदलांच्या नोंदवहीत, आणि तेही मुख्यतः दोन प्रसंगी. नवरा वारला की वारसांच्या यादीत मुलांसोबत तिचे नाव लागे. किंवा बाप वारल्यावर भावांच्या लाभात तिने हक्कसोडपत्र करून दिले की ते माहेरच्या दप्तरात एकदा लागून लगेच कमी होई. या दुसऱ्या कागदाच्या तळाशी निळ्या किंवा जांभळ्या शाईत डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा असतो, बाजूला तलाठ्याने किंवा कारकुनाने ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहून खाली तिचे संपूर्ण नाव घातलेले असते. ज्या कागदावर तिने जमीन सोडली, तोच कित्येक घरांत तिच्या माहेरच्या नात्याचा एकमेव लेखी पुरावा ठरतो. भाऊबिजेचे लुगडे आणि माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून हा अंगठा उठवला जाई, हे सर्वांना ठाऊक असे आणि कोणी बोलून दाखवत नसे.

कायदा सावकाश बदलत गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली. शेतकरी संघटनेने १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभी राहिली, जिच्यात पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करून द्यावा असे आवाहन होते. या आजींपैकी अनेकींना यातले बरेचसे उतारवयातच पाहायला मिळाले. फायदा झाला तो मुख्यतः त्यांच्या सुनांना आणि नातींना. जनगणनेनेही तिला बरीच वर्षे कामकरी मानले नाही: घरच्या शेतात विनामोबदला केलेले कामही कामातच धरावे, असे शब्द प्रगणकाच्या प्रश्नात घातले गेले ते १९९१ मध्ये, आणि तोवर दिवसभर शेतात असणारी बाई घरच्या पुरुषाच्या ‘ती घरीच असते’ या उत्तराने निकालात निघत असे.

एका कागदावर मात्र ती स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या नावाने आली, आणि तो कागद दुष्काळाचा होता. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता आणि १९७२ साली तो पुरताच फसला, तेव्हा सरकारने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. एरवी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल न टाकणाऱ्या घरंदाज सुना डोक्यावर पदर घेऊन खडीच्या ढिगाजवळ बसल्या, कामावर वाटली जाणारी सुकडी त्यांनी पोरांसाठी पदराला बांधून नेली, आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्या गुरेही हुंगून सोडतील असे म्हातारी माणसे आजही सांगतात, त्यांनी थापल्या. या कामांच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बाईचे नाव, तिचे दिवस आणि तिची मजुरी लिहिली जाई. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. ‘बहात्तर’ हा एकच आकडा त्या पिढीला लख्ख पाठ असतो, आणि आजीला बोलते करायचे असेल तर तिथून सुरुवात केलेली बरी.

कागदाबाहेरचा तिचा ऐवज याहून कितीतरी मोठा आहे. त्यात पहिली येते ती जात्यावरची ओवी. ओवी म्हणजे दळताना गायचा, बहुधा दोन दीर्घ ओळींचा छंद. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथातील ओवीशी तिचे नाते आहे, पण ती वाचायची नसून श्रमाच्या लयीवर म्हणायची आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे, म्हणजे ही रीत किमान ९०० वर्षांची धरायला हरकत नाही. पहाटे कोंबडा आरवण्याच्या आधी उठून, एक पाय लांब पसरून आणि दुसरा दुमडून जात्याशी बसायचे, वरच्या फिरत्या दगडाच्या तोंडात मूठभर धान्य सोडायचे, ज्याला ‘वैरण घालणे’ म्हणतात, आणि खुंटा धरून तो दगड फिरवायचा. सोबतीला सासू, जाऊ किंवा शेजारीण असली तर दोघी समोरासमोर बसत, एकीने ओवी धरली की दुसरी पुढचा चरण उचले. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडेभरडे पडे आणि मग टाकीवाल्याकडून त्याला टाके घालून घ्यावे लागत. घरातले पुरुष झोपलेले, दिवा मिणमिणता, आणि जात्याच्या घरघरीत आवाज बुडून जाणारा, अशा त्या तासा-दोन तासांत बाई जे बोले ते दिवसा कोणाजवळ बोलण्यासारखे नसे: सासरचा जाच, भावाची वाट, पंढरीची ओढ, पावसाने दिलेला दगा, सीतेचा वनवास, आणि त्या वनवासाच्या आडून स्वतःचा.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात अशा ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनात आयुष्य घातले, आणि हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, ज्यांत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवले गेले. ही शेवटची गोष्ट दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण लोकसाहित्य ‘अनामिक’ असते असे म्हणता म्हणता ते रचणाऱ्या बायकाच अनामिक करून टाकण्याची सवय अभ्यासकांनाही लागली होती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, आणि ओवीचा पाट मात्र आटला. गिरणीविषयी हळहळणारे बहुधा कधी पायलीभर ज्वारी दळायला बसलेले नसतात.

ओवी निदान ऐकू येत असे. बियाण्याची विद्या मात्र डोळ्यांसमोर असून दिसत नसे. उभ्या पिकातून किंवा खळ्यावर आलेल्या ढिगातून भरदार, किडीने न शिवलेली कणसे निवडून ती बाजूला काढणे हे घरातल्या म्हाताऱ्या बाईचे काम होते. ती कणसे जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगली जात, कारण धुराने ती कोरडी राहत आणि सोंडे लागत नसत. कडधान्याला चुलीतली चाळलेली राख किंवा एरंडेलाचा हात फिरवून ते मडक्यात भरत, वर कडुनिंबाचा पाला घालून मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपत. दोडका आणि भोपळा वेलावरच वाळू देऊन बियांसह खुंटीला अडकवत, तर काकडीच्या बिया शेणात कालवून त्यांची गोवरी भिंतीला थापून ठेवत. राख ओल शोषते आणि किड्याच्या अंगावरचे आवरण खरवडते, तेलामुळे दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत, असे आज कृषिविज्ञान सांगते. आजीला त्याचे कारण विचारले असते तर तिने ‘तसं करायचं असतं’ एवढेच सांगितले असते, आणि विचारणाऱ्याच्या हाती सूप दिले असते. मापण्याच्याही तिच्या रीती होत्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असे कोष्टक तिच्या बोटांत होते, आणि खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन असे पुढे जात.

ही विद्या निकामी व्हायला एक बियाणे पुरेसे ठरले. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी प्रसारित झाली, जिला गावाने सरळ ‘हायब्रीड’ हे नाव दिले. संकरित म्हणजे दोन निवडक वाणांच्या संकरातून आलेले. अशा पिकाचे पहिल्या वर्षी उत्पन्न भरघोस येते, पण त्याचेच दाणे पुन्हा पेरले तर ताटे उंच-बुटकी, कणसे लहान-मोठी अशी मिसळ उगवते, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. दुष्काळाच्या तोंडावर या ज्वारीने पुष्कळ पोटे भरली, हे विसरून चालणार नाही. मात्र ताट बुटके असल्याने गुरांना कडबा कमी पडला, लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडे, आणि भाकरीला चव नाही हे घराघरातल्या म्हाताऱ्यांनी एकमुखाने सांगितले. त्याहून खोल गेलेली गोष्ट अशी, की बियाण्याची पिशवी आता पुरुष तालुक्याच्या दुकानातून आणू लागला, आणि पेरणीच्या आधी सासूकडे विचारायला येण्याचे सुनेला काही कारण राहिले नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरात देशी वाणांची बीज-बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या गोष्टीकडे अनेकांचे लक्ष गेले. एके काळी जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक बँक होती आणि तिची मालकीण चुलीजवळ बसलेली असे.

स्मरण जमून आले तर काय हाती लागते, याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे आहे. १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात लग्न झाले, तरुणपणीच वैधव्य आले, आणि शेती व संसार दोन्ही ओढत त्या खानदेशी-लेवा बोलीत गाणी रचत राहिल्या. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांनी आणि एका आप्ताने आईच्या तोंडची काही गाणी वहीत उतरवून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या नजरेस पडली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. पुढे २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. हा प्रवास थोर आहे खरा, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी: त्या जितके गायिल्या त्यातले लिहून घेतले तेवढेच उरले, आणि ते उरले कारण घरात लिहिणारा मुलगा होता व त्याला आईचे बोलणे टिपून ठेवण्याजोगे वाटले. असोद्याच्या शेजारच्या शिवारात त्याच सुगीला गाणाऱ्या दुसऱ्या कोणा बाईच्या घरी अशी वही नव्हती.

म्हणूनच ‘आजी फार मायाळू होती’ या वाक्यावर थांबणारे स्मरण काहीसे आळशी वाटते. मायाळू ती होतीच, आणि ती कठोरही होती. धान्य कमी पडले की पहिला घास पुरुषांना, मग मुलांना आणि उरले तर सुनेला, ही वाटणी तिच्याच हाताने होई, सासुरवास तिने जसा सोसला तसा दिलाही, आणि काही घरांत नातीच्या शाळेला पहिला नकार तिनेच दिला. तिच्याकडून काही जाणून घ्यायचे तर समोर यंत्र ठेवून ‘आयुष्याबद्दल सांग’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण तिला तिचे आयुष्य असे वेगळे काढून दिसत नाही. शेंगा फोडताना, वाती वळताना, पाटा धुताना ती बोलते, आणि हात थांबले की बोलणेही थांबते. तिच्या कपाळावरच्या, हनुवटीवरच्या आणि मनगटावरच्या गोंदणाविषयी विचारले, तर ते कोणत्या जत्रेत, कोणाच्या शेजारी बसून, किती रडून गोंदवून घेतले हे ती सांगते, आणि त्या ओघात तिचे सबंध माहेर नावानिशी येऊन जाते. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदलेले तेवढे बरोबर येते, अशी तिची समजूत असते.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत त्याच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिणे सक्तीचे झाले आहे. ज्या मुलांची नावे अशी लिहिली जातील त्यांच्या पणज्यांची नावे मात्र अजून शोधावी लागतात, आणि ती शोधायला एक चांगली जागा म्हणजे लग्नघर. लग्नाआधीच्या विधीसाठी परसातले, कोंबड्यांच्या पाण्याला किंवा तुळशीच्या पायथ्याला लावलेले जाते उचलून आणून धुतले जाते, त्याला हळदकुंकू लावून खुंट्याला सुपारी बांधली जाते, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावून हळकुंडे टाकतात, आणि पहिली ओवी कोणी म्हणायची यावरून थोडा वेळ ढकलाढकली होते. तरुण बायकांना दोन-तीनच ओव्या येतात. मग भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीला हाक जाते. ती विधवा असल्याने तिने खुंट्याला हात लावायचा नसतो, पण सूर तिनेच धरायचा असतो, आणि ती बसल्या जागेवरून, घसा न खाकरता, पहिली ओवी गणपतीला, दुसरी कुलदैवताला, तिसरी माहेरच्या शिवाराला अशी मोजत सुरू करते.